साळूची गोल पंगत

"सातांतला रुमाल्या कोण, ते दिवस मावळायच्या आत सांगा, नाहीतर सातही जणांना फासावर चढवतो!"

उंबरगडच्या राजेसाहेबांनी धर्मशाळेच्या दारात हा हुकूम सोडला आणि कारभाऱ्याला दरदरून घाम फुटला. कारण राजेसाहेब एकदा बोलले की बोलले. आपण चुकीचं बोललो हे कळलं, तर ते तेच आणखी मोठ्यानं बोलत!

कंपनी सरकारच्या काळातली ही गोष्ट. वाटसरूंशी गोड बोलून त्यांची सोबत धरायची, त्यांच्या पंगतीला जेवायचं आणि मग मागून रुमालाचा फास टाकून गळा आवळायचा, हा रुमाल्या ठगाचा धंदा. त्याच्या धास्तीनं चार संस्थानांत माणसं एकटीदुकटी वाट चालत नसत. त्याचा चेहरा मात्र कुणाला ठाऊक नव्हता. ज्यांनी पाहिला, ते सांगायला उरले नव्हते.

त्या पहाटे धर्मशाळेत एक कापडाचा व्यापारी तसाच मरून पडलेला सापडला. दाराला आतून अडसर, भिंती उंच. म्हणजे रुमाल्या आतच! आत होते सात वाटसरू. झडती घेतली, तर सातही जणांकडे रुमाल. शपथ घ्यायला लावली, तर सातही जणांनी खणखणीत घेतली.

या सातांत एक होता सटवाजी गाडीवान. त्याची बायको साळू गावातून येऊन धर्मशाळेत रांधायची. बैल दमले म्हणून हा बाबा नेमका त्या रात्री तिथंच आडवा झाला होता! हुकूम साळूच्या कानावर आला. पण रडत बसली तर ती साळू कसली? पदर खोचून ती थेट राजेसाहेबांपुढे उभी राहिली.

"सरकार, माझा धनी रातच्याला घोरण्याबिगर काय करत न्हाई. त्याला सोडा!"

"सगळ्यांच्याच बायका असं म्हणतील!"

"मग मला त्या सातांना एक डाव जेवू घालू द्या. रुमाल्या दावते."

"पिठलं-भाकरी वाढून? आमचे कारभारी सकाळपासून दरडावताहेत, तरी काही निघालं नाही!"

"दरडावल्यावर समदीच भितात सरकार. त्यातनं काय कळायचं?"

राजेसाहेबांनी मिशीला पीळ दिला. "आणि चुकलीस तर?"

"तर आठवा फास माझा. पर पहारा अंगणाच्या भाईर पायजे. आन् तुमी माझ्या चुलीपाशी बसायचं, खिडकीतनं बघत."

राजेसाहेब चुलीपाशी बसले. धुरानं डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, पण हू का चू करायची सोय नव्हती. त्यांनीच तर कबूल केलं होतं!

साळूनं अंगणात पत्रावळी मांडल्या, त्याही जगावेगळ्या. सातांचं गोल रिंगण. प्रत्येकाचं तोंड पुढच्याच्या पाठीकडे, आणि प्रत्येकाच्या पाठीशी मागचा!

"बसा पावण्यांनो," ती वाढता वाढता म्हणाली. "तुमच्यातच एक रुमाल्या हाय, ते तुमास्नी ठावं हायच. पहारेकरीबी भाईर गेल्यात. सावकाश जेवा!"

मग काय विचारता! सराफानं घास घेतला आणि मान अशी गर्रकन फिरवली, की पिठलं तोंडात जाण्याऐवजी कानात गेलं. दंड थोपटत आलेला पैलवान दोन्ही हातांनी स्वतःचाच गळा धरून बसला. हरदासबुवांनी रामरक्षा सुरू केली, ती पुढं सरकेचना. वैद्य आणि घोड्यांचा सौदागर जेवायचं सोडून मागं वळून वळूनच दमले. आणि सटवाजी! तीन भाकऱ्या उभ्या-उभ्या फस्त करणारा गडी, त्याला कोपर निसटतं लागलं तरी तो "अगं आई गं!" म्हणून उडत होता.

सातवा होता एक अत्तरवाला. मऊ आवाजाचा, हसतमुख.

"पिठलं झकास झालंय हं बाई! जरा ठेचा वाढा की."

साळूनं ठेचा वाढला आणि तिथूनच हाक मारली. "सरकार, या भाईर! हाच तुमचा रुमाल्या!"

डोळे पुसत राजेसाहेब आले. "पुरावा?"

साळूनं अत्तरवाल्याला आपादमस्तक न्याहाळलं आणि तोंड वाकडं केलं. "चुकलंच की माझं! ह्यो कुठला रुमाल्या? आन् तसा रुमाल्यात तरी काय दम हाय? नुसतं नाव! रात्री म्हनं गाठ निसटली, त्यो व्यापारी तीनदा बोंबलला…"

"बोंबलला?" अत्तरवाला ताडकन उठला. "माझ्या हातचा माणूस बोंबलेल? आजवर एकाचीही…"

त्यानं जीभ चावली, पण उशीर झाला होता. पहारेकरी धावत आत आले आणि त्याला जेरबंद करून घेऊन गेले. सहा जणांनी एकदमच असा श्वास सोडला, की पत्रावळी हलल्या!

"पण तू ओळखलंस कसं?" राजेसाहेबांना राहवेना. "तो तर सगळ्यांत सज्जनासारखा जेवत होता!"

"तेच तर! बाकी सहांना वाटत हुतं, रुमाल्या आपल्या मागं बसलाय. आपल्या मागं रुमाल्या न्हाई, ही खात्री एकट्या रुमाल्यालाच असणार की!"

राजेसाहेब हट्टानं म्हणाले, "असं कसं? निर्धास्त जेवतो तो ठग? मग आम्हीही रोज निर्धास्त जेवतो!"

"जेवाल की सरकार! तुमच्या पाठीशी चार भालेकरी उभं ऱ्हात्यात. त्यांस्नी एक दिस सुट्टी द्या, आन् मग भाकरी कशी उतरती ती बघा!"

कारभाऱ्यानं डोळे मिटून घेतले. पण राजेसाहेब हसायला लागले, ते पोट धरून हसले, धुरानंही आलं नव्हतं इतकं पाणी डोळ्यांत आलं. त्यांनी धर्मशाळा आणि तिच्या मागची ओलिताची जमीन तिथल्या तिथं साळूच्या नावे इनाम करून दिली, भालेकऱ्यांना अंगणाबाहेर पिटाळलं आणि सटवाजीशेजारी मांडी ठोकून म्हणाले, "वाढ साळूबाई, आम्हालाही वाढ! पण आमची पाठ भिंतीकडे!"