गार पाण्याचे रांजण

पूर्वी शंखवती नगरीत अरिदमन नावाचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने तिथल्या कुंभारवाड्यात जन्म घेतला. त्याचे नाव सोमक. त्याच आळीत कदंबक नावाचा वृद्ध कुंभार राहत असे. चाकावर त्याच्याइतकी वर्षे कुणीच काढलेली नव्हती, आणि ही गोष्ट तो कुणाला विसरू देत नसे.

कदंबकाला एकच दुखणे होते, ते म्हणजे सोमकाच्या दारातली गर्दी. चाक फिरवताना त्याचे डोळे मातीवर कमी आणि समोरच्या दारावर जास्त असत. घागर घ्यायला निघालेली बाई त्याची भट्टी ओलांडून पुढे गेली की त्याचा जळफळाट होई. वास्तविक त्याच्या रांजणातले पाणी सोमकाच्या रांजणातल्यापेक्षा गार असते, असे सारे नगर म्हणे. तरी माणसे तिकडे का वळतात हे त्याला उमगत नसे, आणि विचारायला जाणे त्याला कमीपणाचे वाटे.

सोमकाची रीत वेगळी होती. दिलेल्या मडक्यांची खबर घेत तो घरोघरी हिंडे. कोणते चिरले, कोणते झिरपले, हे ऐकून तो पुढची माती मळायला घेई. विकलेल्या मडक्यामागे धावणारा कुंभार आपण तरी पाहिला नाही, असे कदंबक चारचौघांत म्हणे. लोक हसले की त्याला तेवढ्यापुरते बरे वाटे.

एका वर्षी राजाने निर्जल रानातून जाणाऱ्या व्यापारी वाटेवर पाणपोया बांधायचे ठरवले. अमात्याने रांजणांचे निम्मे काम सोमकाला देऊ केले आणि कदंबकाची झोप उडाली. राजाचे काम सर्वांत जुन्या हाताला, ही कुंभारांची रीत त्याने भर सभेत पुढे केली. सोमकाने हात जोडून सगळे काम त्याच्यासाठी सोडले. पण त्यानेही कदंबकाला सुख लागेना. हा भांडला असता तर बरे झाले असते, असे त्याला वाटत राहिले.

काही दिवसांनी सोमक आपण होऊन त्याच्या भट्टीवर आला.

"काका, पुरानंतर आपल्या खाणीतली माती रेताड झाली आहे. तिच्यात लीद जुन्याच मापाने घातली तर ती भट्टीत जळून फार छिद्रे राहतात आणि रांजण पाझरतो. घरी बायका रोज पाणी भरतात, म्हणून गळती ध्यानात येत नाही, पाझरामुळे पाणी गार लागते एवढेच कळते. रानात रोज भरायला कोण आहे?"

कदंबकाच्या मस्तकात तिडीक गेली. याला आपले गार पाणीसुद्धा बघवत नाही, असेच त्याच्या मनाने घेतले.

"तू पाळण्यातही नव्हतास तेव्हापासून मी याच मापाने लीद घालतो आहे," तो म्हणाला आणि त्याने पाठ फिरवली.

रांजण रानात गेले. सोमकाने लीद कमी करून, दगडाने घोटून आपले वेगळे रांजण घडवले आणि प्रत्येक पाणपोईत कदंबकाच्या रांजणांशेजारी एकेक नेऊन ठेवला. पाणपोया भरायला आलेल्या पाणक्यांनी तेही भरले. याची वाच्यता त्याने कुठे केली नाही.

उन्हाळ्यात त्या वाटेने गेलेल्या तांड्यात कदंबकाचा एकुलता मुलगा भद्रक गाडीवान होता. तांडा सुखरूप परतला. पाणी पुरले म्हणून तांड्याच्या नायकाने कुंभारांची सभा भरवून कदंबकाला पागोटे बांधले. कदंबकाने आधी पाहिले ते सोमकाकडे. त्याचे तोंड उतरलेले दिसेल अशी त्याला आशा होती, पण सोमक सगळ्यांबरोबर मान डोलावत होता. एवढ्यात भद्रक बोलला.

"बाबा, बाकीचे रांजण ठणठणीत कोरडे होते. प्रत्येक पाणपोईत एकच भरलेला मिळायचा, घोटून गुळगुळीत केलेला. त्याच्यावरच आम्ही जगलो. सगळेच तसे का नाही केलेत?"

ते घोटकाम कुणाच्या हातचे हे कदंबकाने ओळखले. सोमक आपण होऊन ते सांगणार नव्हता. कदंबकाने काहीतरी सबब सांगितली असती तर पागोटे डोक्यावर राहिले असते. माझ्या मुलालाही शेवटी याचेच पाणी प्यावे लागले, या विचाराने त्या क्षणीसुद्धा म्हातारा जळला. मग त्याला मुलाचे ओठ दिसले. ते फुटून काळे पडले होते. त्या ओठांकडे बघता बघता त्याने पागोटे काढून मांडीवर घेतले.

"कोरडे पडले ते माझे," तो म्हणाला. "जगवले ते सोमकाचे."

मग तो सोमकाकडे वळला. "उद्या मी माती मळायला बसेन तेव्हा शेजारी येऊन बस. कुठे चुकतो ते सांग. मला राग येईल, तरी सांग."

ही पूर्वजन्मीची कथा संपवून शास्ते भगवान भिक्षूंना म्हणाले, "संघात काढलेले आपले वर्षावास मोजून दाखवणारा आणि धाकट्यांची स्तुती ऐकून जळणारा हा तुमच्यातला वृद्ध स्थविर तेव्हा कदंबक होता. त्याला न घाबरता प्रश्न विचारणारा हा नवशिका श्रामणेर तेव्हा भद्रक होता, आणि सोमक मी होतो. नुसत्या वर्षांनी केस पिकतात. आपल्या कामाचे पुढे काय झाले हे जो जाऊन पाहतो, त्याच्या ठायी प्रज्ञा वाढते."