जोत्यावरून

"मग काय खोटं बोलायचं का, चाचा?"

विद्याधर केंजळ्यांनी चपला काढता काढताच विचारलं.

इस्माईल मुजावर खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. साताऱ्यात चाळीस वर्षं त्यांचा फोटो स्टुडिओ होता. केंजळे कॅमेरा हातात धरायला शिकले ते तिथंच. आता चाचांचा एक डोळा पुरता गेला होता आणि दुसऱ्याला फक्त उजेड-अंधार कळत होता.

"बस आधी," चाचा म्हणाले. "कोण म्हणतंय खोटं बोल?"

केंजळे बसले ते धपकन. बँकेतून निवृत्त झाल्यापासून गेली अकरा वर्षं ते हौशी छायाचित्रकारांचं मंडळ चालवत होते. दर आठवड्याला पंचवीस-तीस फोटो यायचे. डोंगर, धुकं, सूर्यास्त, पुन्हा डोंगर. प्रत्येकाखाली एकच ओळ असायची, 'सर, मत द्या.' आणि केंजळे मत देत. चष्मा पुसून, बारकाईनं, एकेका फोटोला अर्धा अर्धा तास.

"मत कुणालाच नको असतं, चाचा. वाहवा हवी असते. वीट आलाय मला."

"यावेळी कोण रडलं?"



"अनुसयाबाई फडतरे म्हणून आहेत. अंगणवाडीत असतात. मोबाइलवर फोटो काढतात. धरणाचा एक फोटो पाठवला होता. मी नऊ चुका दाखवल्या. नऊच्या नऊ बरोबर होत्या."

"मग?"

"मग त्यांनी लिहिलं... 'सर, तुमचं बरोबर आहे. मला जमत नाही. यापुढं फोटो काढणार नाही.' आणि मंडळ सोडलं."

चाचांनी हात पुढं केला.

"फोटो आहे?"

केंजळ्यांनी पिशवीतून छापील प्रत काढून त्यांच्या हातात दिली. चाचांनी ती कडेकडेनं चाचपली आणि परत दिली.

"मला दिसत नाही. तू सांग काय आहे."

"क्षितिज डावीकडं कललंय. आभाळ पांढरंफटक पडलंय..."

"ते नको. काय आहे?"

"धरण आहे. पण पाणी फार लांब राहिलंय, त्यामुळं समोरचा भाग नुसता रिकामा..."

"विद्याधर."

केंजळे गप्प झाले. स्टुडिओत असताना चाचा असं नाव घ्यायचे, तेव्हा हातातलं रीळ खाली ठेवावं लागायचं.

"मी आंधळा आहे," चाचा दमल्या आवाजात म्हणाले. "मला चुका सांगून काय उपयोग? चित्र सांग."

केंजळ्यांनी फोटो खिडकीपाशी नेला.

"उन्हाळा आहे. पाणी आटलंय. पलीकडं डोंगर. अलीकडं चिखल... वाळून भेगा पडलेला."

"किती?"

"अर्धा फोटो चिखलच आहे. मी म्हटलं होतं त्यांना, हा खालचा अर्धा कापून टाका..."

"चिखलात काय आहे?"

"काही नाही. दगडांच्या रेघा आहेत."

"कशा?"

"सरळ. काटकोनात वळलेल्या. एक चौकोन. त्याला लागून दुसरा. मधून बोळासारखं..."

केंजळे थांबले. चष्मा काढला, पुन्हा लावला.

"चाचा... ही जोती आहेत. घरांची जोती. गाव आहे हे... बुडालेलं."



नऊ चुका लिहिताना केंजळ्यांनी हा फोटो अर्धा तास डोळ्यांसमोर धरला होता.

"माफी मागू?"

"माफीचं ती काय करेल?"

केंजळ्यांनी खिशातून फोन काढला. त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून ते नेहमी स्पीकर लावूनच बोलत. चार-पाच वेळा वाजल्यावर पलीकडून दबका आवाज आला.

"हां, सर?"

"अनुसयाबाई... तुमच्या फोटोत घरांची जोती आहेत."

"आहेत, सर."

"त्यातलं तुमचं घर कुठलं?"



"आमचं त्यात नाही, सर," बाई म्हणाल्या. "मी आमच्याच जोत्यावर उभी होते."

केंजळे खाली बघत राहिले.

मग बाई बोलू लागल्या. समोरचं जोतं चुलत्यांचं. त्याच्या डाव्या अंगाला शाळा. नऊ वर्षांच्या असताना त्या गावातून निघाल्या होत्या, एका ट्रकमध्ये शेळ्यांबरोबर. यंदा पहिल्यांदाच पाणी एवढं खाली गेलं, म्हणून त्या भावाला घेऊन गेल्या. भाऊ काठावरच थांबला, खाली उतरला नाही. म्हणून त्याला दाखवायला फोटो काढला.



"सर, ऐकताय ना?"

"ऐकतोय."

"मग आता एक सांगा." बाईंचा आवाज थोडा मोकळा झाला होता. "पाणी खाली आहे तोवर मी पुन्हा जाणारे. भावाचं म्हणणं, फोटोत शाळा नीट दिसत नाही. माझं काय चुकलं? सगळं सांगा, काही ठेवू नका."

केंजळ्यांनी फोन छातीशी धरला.

"चाचा, आता त्या स्वतःच विचारतायत... काय सांगू?"

चाचा उशी सरळ करून आडवे झाले. डोळे मिटले.

"सगळं सांग. फक्त तिला जोत्यावरून खाली उतरवू नकोस."