राणीने ओ दिली नाही

एका राज्यात, जिथे समुद्रही गोठून टणक व्हायचा, हाल्दान नावाचा राजा होता. त्याने दक्षिणेच्या किनाऱ्यावरून राद्मिला नावाची राजकन्या लग्न करून आणली. बर्फ फोडत आलेल्या गलबतातून ती उतरते न उतरते तोच जादूगार प्रधान ओर्म म्हणाला, "इथे परकं नाव चालत नाही. आजपासून आपण राणी गुनहिल्ड."

नावे ठेवायची त्याला भारी हौस. राद्मिलाचे नाव त्याने चांदीच्या पेटीत कोंडले आणि पेटी टेकडीखालच्या गुहेत ठेवली. आधीच्या राजांच्या राण्यांची नावेही तिच्यातच होती. ती परत आणायला गेलेल्या राण्या गुहेत दगड होऊन उभ्या होत्या, आणि पहिली राणी दगड झाली तेव्हापासून राज्यात उन्हाळा फिरकला नव्हता.

तिथली रीत अशी, की लग्नाच्या दुसऱ्या सकाळी नवरी मागेल ते राजाने द्यावे. राद्मिला म्हणाली, "महाराज, माझं नाव द्या."

राजाने मान खाली घातली. "ते माझ्या हातात नाही."

"मग मीच आणते."

गुहेच्या तोंडाशी एक डोमकावळा बसला होता. तो म्हणाला, "आत तीन हाका येतील. नव्या नावाला ओ दिलीस की दगड झालीस."

"त्या राण्यांनी ओ का दिली?"

"फार उशिरा आल्या. तोवर सवय झाली होती."

पहिली हाक ओर्मची. "राणी गुनहिल्ड!" गुहेचे छत हादरले. ती चालत राहिली. दुसरी हाक तिच्या मेलेल्या आईच्या आवाजात आली, "गुनहिल्ड, बाळ." राद्मिलाचे डोळे भरले, आणि मग ती संतापली. आईने हे नाव जन्मात ऐकले नव्हते.

तिसरी हाक खरोखरच राजाची होती. ओर्मने त्याला गुहेच्या दारात कमरेपर्यंत बर्फात रोवले होते. "गुनहिल्ड, ओ दे. तरच हा मला सोडेल."

राजा तिला आवडला होता. तरी ती ताठ उभी राहिली. "महाराज, या नावाचं इथे कुणी नाही. मला हाक मारा."

"परकं नाव घेतलं तर कायदा मोडेल." बर्फ छातीला लागला.

"मोडू दे."

राजाने उरलासुरला श्वास गोळा केला. "राद्मिला!"

"ओ," ती म्हणाली.

पेटी फुटली. पाखरांसारखी नावे उडाली आणि आपापल्या राणीच्या खांद्यावर बसली. दगडाच्या राण्या अंग झाडून चालू लागल्या. ओर्मचे नाव मात्र कुणालाच आठवेना, तेव्हा तो धूर होऊन विरून गेला. राजाभोवतीचा बर्फ वितळला, समुद्र वाहू लागला आणि उन्हाळा आला.

त्या राज्यात आता नवरीचे गलबत लागले की राणी राद्मिला स्वतः धक्क्यावर जाते आणि विचारते, "बाई, तुला काय म्हणून हाक मारू?" नवरी सांगेल तेच तिचे नाव.