टिकली मुंगीचा नवसाचा दाणा

एक होती मुंगी. एवढुश्शी! नाव तिचं टिकली.

टिकलीने नवस केला होता. तिचा धाकटा भाऊ हरवला, तेव्हा.
"टेकडीवरच्या देवीबाई, भाऊ सापडू दे. तुला साखरेचा दाणा वाहीन."
भाऊ सापडला. पिठाच्या डब्यात! पांढराफेक!

टिकलीने दाणा आणला. पण घरात सगळे भाऊ खादाड! म्हणून तिने तो जपून ठेवला. इतका जपून, इतका जपून, की कुठे ठेवला तेच आठवेना!
"काय बाई ही कटकट!"

आज शेवंताकाकूंची गाडी टेकडीवर देवीला निघणार होती. टिकली तुरुतुरु आत शिरली.
"आधी जाऊ तर दे. दाणा देवीच दाखवेल."

काकूंनी किल्ली फिरवली.
कुर्र कुर्र कुर्र... फुस्स!
"अहो, नुसतीच कुरकुरते. सुरूच होत नाही!"
"पेट्रोल आहे ना?" बाजूला बसलेले नाना म्हणाले.
"कालच टाकी भरली हो!"
काकूंनी बॉनेट उघडलं. खटॅक!

टिकली म्हणाली, "गाडीताई, गाडीताई, चल ना!"
"इंजिन धडधडेना. मी नाही चालणार!"

टिकली गेली तुरुतुरु तुरुतुरु.
"इंजिनदादा, धडधड ना!
गाडी चालेना,
देवीला जाता येईना!"
"ठिणगी पेटवेना. मी नाही धडधडणार!"

"काय बाई ही कटकट!" तुरुतुरु तुरुतुरु.
"ठिणगीमावशी, पेटव ना!
इंजिन धडधडेना,
गाडी चालेना,
देवीला जाता येईना!"
"पेटवू काय, माझं डोकं? पेट्रोल येईना. मी नाही पेटवणार!"

तुरुतुरु तुरुतुरु.
"पेट्रोलकाका, या ना!
ठिणगी पेटवेना,
इंजिन धडधडेना,
गाडी चालेना,
देवीला जाता येईना!"
"पंप ढकलेना. मी नाही येणार!"

टिकलीचे पाय दुखले. सहाच्या सहा! तरी गेली तुरुतुरु तुरुतुरु.
"पंपमामा, ढकला ना!
पेट्रोल येईना,
ठिणगी पेटवेना,
इंजिन धडधडेना,
गाडी चालेना,
देवीला जाता येईना!"
"डबी वीज देईना. मी नाही ढकलणार!"

"अरे देवा! आता ही डबी कोण?"
एका कोपऱ्यात होती काळी डबी. एवढीशी, चौकोनी. टिकलीने दोन पाय कमरेवर ठेवले.
"डबीवहिनी, वीज दे ना!
पंप ढकलेना,
पेट्रोल येईना,
ठिणगी पेटवेना,
इंजिन धडधडेना,
गाडी चालेना,
देवीला जाता येईना!"

डबी रडवेली झाली.
"कशी देऊ गं? माझ्या घशात काहीतरी अडकलंय!"
"कोणी अडकवलं? थांब, बघतेच त्याला!"
टिकली फटीतून आत शिरली. हुं हुं... गोड वास?
"अगंबाई! हा तर माझाच दाणा! भावांना सापडू नये म्हणून मीच इथे लपवला!"

टिकली लाजली. मग दाणा धरला. ओढला. हुश्श... टुप्!

"आणखी एकदाच किल्ली फिरवते हं, देवीचं नाव घेऊन," बॉनेट लावून काकू म्हणाल्या. आणि काय!
डबीने वीज दिली, टिक्!
पंपाने ढकललं, घूंऽऽ!
पेट्रोल आलं, झुळझुळ!
ठिणगीने पेटवलं, चट्!
इंजिन धडधडलं, धडधड धडधड!
गाडी चालली, भुर्रर्रर्र!

"पावली गं बाई!" काकू म्हणाल्या.
टिकली मात्र दाणा घट्ट धरून बसली.

टेकडीवर तिने दाणा देवीच्या पायाशी ठेवला. काकूंनी प्रसाद वाटला. खडीसाखरेची एक कणी घरंगळली. टिकलीपुढे येऊन थांबली. डोंगराएवढी! सगळ्या खादाड भावांना पुरली.

टिकलीला देवी पावली, तशी तुलाही पावो, माझ्या सोनुल्या. तूही कुणाला काही कबूल केलंयस ना? मग देऊन ये बरं. आणि डबीत नको हं लपवू!