गोदाक्काची शेळी आणि नवा कायदा

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे, गळ्याशपथ. मी तेव्हा त्या गावात नव्हतो. ज्यानं सांगितली तोही नव्हता. आणि तो तसा थापाड्याच. पण म्हणून गोष्ट खोटी ठरत नाही.

तर एका गावात एक भोळा पोलीस पाटील होता. भिवबा त्याचं नाव. सांगितलेलं काम तंतोतंत करायचा. तिथंच सगळा घोटाळा व्हायचा.

कायदे बदलले तेव्हा तालुक्याला सगळ्या पोलीस पाटलांना बोलावलं. इंगवले हवालदारांनी भाषण ठोकलं. "इंग्रजांचे कायदे गेले, पाटील! न्यायदेवतेच्या डोळ्यांवरची पट्टीसुद्धा काढलीय. आता तुम्हीही डोळे उघडे ठेवा."

भिवबानं डोळे उघडले ते उघडेच ठेवून तो गावात आला. भर दुपारची वेळ. माणसं रानात गेलेली. गावातला भुरटा चोर बाज्या गोदाक्काच्या दारातली शेळी सोडत होता. गोदाक्का एकटी म्हातारी, तिचा संसार त्या शेळीवर. त्यातून शेळी गाभण. भिवबा समोर उभा राहून बघत राहिला. पापणी लवू दिली नाही. डोळ्यांतून पाणी आलं तरी नाही. बाज्या जाता जाता "रामराम पाटील" म्हणाला. भिवबानंही रामराम घातला.

गोदाक्का आली आणि कपाळ बडवून घेऊ लागली. "अरं मुडद्या, बघत उभा ऱ्हायलास? धरलं का न्हाईस?"

"आक्का, डोळे उघडे ठेवायला सांगितलंय. हातांचं कुणी काही बोललं नाही."

ठाण्यात हे ऐकून हवालदार तापले. "नुसतं बघून काय उपयोग, पाटील? नव्या कायद्यात चित्रण लागतं. काही घडताना दिसलं की आधी मोबाइल काढायचा. आणि मध्ये कुणाला येऊ द्यायचं नाही."

"बरं," भिवबा म्हणाला.

दोनच दिवसांत गोदाक्काची कडब्याची गंजी पेटली. भिवबानं आधी मोबाइल काढला. बाया घागरी घेऊन धावल्या, तर हा हात आडवे करून उभा. "मागं सरा! चित्रात येताय!"

गंजीची राख झाली. चित्रण मात्र सुरेख आलं. ज्वाळांचा रंगसुद्धा खराखुरा.

"शेळी गेली, आता तिचा चाराबी गेला," गोदाक्का म्हणाली. "पाटला, तू हैस तवर चोराची गरज न्हाई गावाला."

हवालदारांनी कपाळाला हात लावला. "अहो, धूर दिसला की पाणी ओतायचं! विचारत बसायचं नाही."

"बरं," भिवबा म्हणाला.

सरपंचाच्या गुऱ्हाळावर धूर निघत होता. काहिलीत रस उकळत होता, चुलवाण धडधडत होतं, गूळ होण्याच्या बेतात होता. भिवबानं विचारलं नाही. एक घागर चुलवाणात ओतली. मनाला पटेना, म्हणून दुसरी काहिलीत ओतली.

सरपंच चिपाडाचा भारा घेऊन मागं लागला. हवालदार मध्ये पडले आणि भिवबाला बाजूला घेऊन म्हणाले, "असं थेट घुसून कुणाचं नुकसान करायचं नसतं. वरच्या कोर्टानं बजावलंय, कुणाचं काही पाडायचं असेल तर आधी नोटीस द्या, पंधरा दिवस द्या, त्याचं म्हणणं ऐकून घ्या."

"बरं," भिवबा म्हणाला.

पुढच्याच बाजाराच्या दिवशी बाज्याच्या परड्यातून शेळीचं ओरडणं ऐकू आलं. गोदाक्कानं आवाज ओळखला. पदर खोचून ती भिवबाला ओढतच घेऊन गेली. भिवबा दारात उभा राहिला आणि घसा खाकरून म्हणाला, "बाजीराव, पंधरा दिवसांनी तुमची झडती घेणार आहे. तुमचं काय म्हणणं?"

बाज्यानं डोकं खाजवलं. "म्हणणं एवढंच की महिना द्या. शेळी व्यायला झालीय. आता हलवणं बरं न्हवं."

"रास्त आहे," भिवबा म्हणाला.

गोदाक्का रस्त्यातच बसली.

दुसऱ्या दिवशी हे ऐकून हवालदार खुर्चीतून उठले. "चोराला नोटीस? आत्ताच्या आत्ता जा! दोन पंच घ्या आणि मुद्देमालाचं चित्रण करा. चित्रण असलं की कोर्टात पुरतं, जनावर ठाण्यात आणून बांधू नका. इथं आधीच जप्तीच्या गाड्या गंजताहेत. आणि त्या बाज्याला सांगा, किरकोळ चोरीला आता समाजसेवेचीही शिक्षा आहे. लागेल कामाला!"

या वेळी भिवबानं एकही चूक केली नाही. पंच नेले. शेळीचं समोरून चित्रण केलं, मागून केलं. शेळी सकाळीच व्याली होती, म्हणून करडांचंही केलं. ठाण्यात मोबाइल हवालदारांपुढं धरला. पहिल्याच फटक्यात चित्रण उघडलं. हवालदार खूश. सगळ्या ठाण्याला बोलावून दाखवलं. "याला म्हणतात पुरावा!" शेळी कुठाय, हे कुणी विचारलं नाही.

बाहेर पायरीवर गोदाक्का बसली होती. हातात रिकामं दावं. भिवबानं मोबाइल तिच्या मांडीवर ठेवला.

"घे आक्का, तुझी शेळी मिळाली."

गोदाक्कानं मोबाइल उलटा केला, सुलटा केला. "आन् खरी कुठं हाय?"

"बाज्याकडं. तिची आता गरज नाही, चित्रण आहे ना! आणि बाज्याला शिक्षाही लावून आलो. समाजसेवा. तुझी शेळी, करडं, सगळं तोच सांभाळणार. फुकट!"

"आन् दूध कोन पितं, रं?"

भिवबाचा चेहरा खुलला. "काळजी करू नको, आक्का. दुधाचंही चित्रण केलंय. चरवी भरेपर्यंत."

आता शपथ घेतलीय म्हणून कबूल करतो. यात एक गोष्ट माझ्या पदरची आहे. ठाण्यात ते चित्रण पहिल्याच फटक्यात उघडलं, असं मी म्हणालो ना? ती थाप.