शिकवणीचा वार नसताना

"सोडून दिलं, तर चालेल का माय?"

हर्षलाने अंगणात पाऊल टाकताच विचारलं. आत येऊ का, तब्येत कशी आहे, काही नाही. सरळ प्रश्न.

मुंगाय दाई सुपात कुटकी पाखडत बसली होती. कुटकीचा दाणा मोहरीएवढा. नजर हलली की खडा राहून जातो. तिने मान वर केली नाही.

"काय सोडते?"

"कोरकू. तुमची भाषा. शिकणं सोडते मी."

सूप थांबलं नाही.

हर्षला वाकचौरे ही उपकेंद्रातली नर्स, मूळची संगमनेरकडची. मेळघाटातल्या या गावात तिला सव्वादोन वर्षं झाली होती. मुंगाय सत्तरीची. गावातली निम्मी माणसं तिच्या हातावर जन्मलेली. बायका इथे आपसात कोरकूच बोलतात, म्हणून पहिल्याच महिन्यात हर्षलाने या दाईला गुरू केलं. शिकवणीचे वार ठरले, मंगळवार आणि शुक्रवार.

आज गुरुवार होता.

हर्षला हुशार होती. आणि आपण हुशार आहोत हे तिला जरा जास्तच ठाऊक होतं. नर्सिंगला पहिली आलेली. कोरकूच्या चार वह्या भरलेल्या, डावीकडे मराठी, उजवीकडे कोरकू, मध्ये लाल रेघ. वहीत सगळं होतं. घोडं अडायचं ते तोंडाशी. चूक होऊ नये म्हणून ती आधी मनात वाक्य जुळवायची, तपासायची, पुन्हा तपासायची. तोवर समोरची बाई हंडा घेऊन दोन घरं पुढे गेलेली असायची.

कधी धीर करून बोललीच, तर बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं. पण हर्षलाला ते दोन-दोन दिवस टोचत राहायचं.

"किती शब्द झाले तुह्ये?" मुंगायने विचारलं. तिची मराठी वऱ्हाडी वळणाची.

"अठराशे चाळीस."

"बापा! माह्याजवळबी इतले नसन."

ही थट्टा होती. हर्षलाला हसू आलं नाही.

"त्यातला एकही त्या दिवशी कामाला आला नाही, माय."

मुंगायचे हात मंदावले. कोणता दिवस, हे तिने विचारलं नाही.

दिवाळीच्या आधीची गोष्ट. पलीकडच्या वस्तीवरची एक बाई बाळंतपणाला आली होती. मुंगाय नेमकी लेकीच्या गावी गेलेली. आल्या आल्या तपासलं तेव्हा बाळाचे ठोके नीट होते, म्हणून हर्षला निश्चिंत. तासाभराने ती बाई तिचा हात धरून काहीतरी सांगू लागली. एकच गोष्ट. चार वेळा.

हर्षलाने चारही वेळा मान डोलावली.

बाळ हलायचं थांबलंय, हे ती सांगत होती. बाई वाचली. बाळ गेलं.

"मला कळलं नाही, एवढं तरी म्हणायला हवं होतं," हर्षला म्हणाली. "कळलं नाही, असं म्हणायची लाज वाटली मला. दोन वर्षं शिकतेय आणि कळलं नाही, असं कसं म्हणू? म्हणून मान डोलावली. माय, मी नुसती मान डोलावली..."

एक खडा मुंगायने वेचून बाजूला टाकला.

"तेव्हापासून तोंडच उघडत नाही. दुधाने पोळलंय, आता ताकसुद्धा फुंकून पिते मी. साधं 'बस' म्हणायचं तरी आधी दहादा विचार करते." हर्षलाने पर्सवर हात ठेवला. "बदलीचा अर्ज लिहिलाय. आणलाय सोबत."

"अन् सुगराय?"

हर्षलाने पर्सवरचा हात काढला.

सुगराय मुंगायच्याच रांगेतल्या शेवटच्या घरातली. कोरकूंच्या गावात घरांच्या दोनच रांगा असतात, समोरासमोर, त्यामुळे कोणाचं काय चाललंय ते सगळ्यांना दिसतं. सुगरायचं पहिलं मूल घरी, बाळंतपणातच गेलं होतं. या खेपेला ती उपकेंद्रात यायला कबूल झाली, तीही मुंगायच्या शब्दावर. दिवस भरत आले होते. फार तर आठवडा.

"तिच्यामुळेच तर झोप उडालीय माझी. ती काही सांगायला लागली आणि मला पुन्हा..." हर्षलाने तिच्याकडे पाहिलं. "तुम्ही असाल ना तिथे?"

मुंगायने सूप खाली ठेवलं. आपला उजवा हात तिच्यासमोर धरला. तो थरथरत होता.

"आज हाय मी. उद्याचं कोन सांगते? मांगच्या टायमालेबी मी व्हतीच. फकत तिथं नव्हती."

"माझ्या जागी दुसरी नर्स येईल."

"तिले येते कोरकू?"

"...नाही."

"मंग?"

"शिकेल ती."

"किती वर्सात?"

हर्षलाने मान फिरवली. समोरच्या रांगेतल्या अंगणात मोहफुलं वाळत घातली होती. फाल्गुनातली दुपार, त्यांचा वास सगळ्या गल्लीत भरून राहिला होता.

"तुम्हाला मराठी कशी आली, माय?"

"भेवानं."

"म्हणजे?"

"लहान व्हती मी. मोहा येचाले गेली का जंगलचा एक साहेब येये. वरडे. काय वरडते ते समजे नाई. समजलं नाई का काठी बसे." मुंगायने पाठीवर हात नेऊन दाखवला. "म्हून शिकली. लवकर शिकली."

"मग भीतीनं भाषा येते तर! मला तर भीतीनं येते तीही विसरायला होते."

"तुले कायचं भेव?"

"चुकण्याचं."

"नाई."

"बायका हसतात, त्याचं."

"नाई."

हर्षलाने खाली पाहिलं.

"...सुगरायचं बाळ," ती म्हणाली.

"हां."

मुंगायने पुन्हा सूप उचललं, दोनदा पाखडलं, आणि खाली ठेवलं.

"मले माह्या पाठीचं भेव व्हतं, बाई. साहेब गेला, काठी गेली, मी शिकाचं सोडलं. माही मराठी अजून तितलीच हाय."

हर्षला काही विचारणार होती. एवढ्यात घराच्या मागून आवाज आला. कोणीतरी पुटपुटत होतं, थांबत होतं, पुन्हा पुटपुटत होतं.

मुंगायने ओठांवर बोट ठेवलं. गुडघ्यावर हात टेकून उठली.

"ये. चप्पल काढ. आवाज नको करू."

दोघी भिंतीच्या कडेने मागे गेल्या. कोपऱ्याशी मुंगाय थांबली आणि हर्षलाला पुढे केलं.

परसात सरपणाच्या ढिगाला टेकून सुगराय बसली होती. पाय लांब पसरलेले, एक हात पोटावर, डोळे मिटलेले. देवाचं काही म्हणत असेल, असं हर्षलाला वाटलं.

मग शब्द कानावर आले. मराठी शब्द.

"शिस्टरबाई... पोट दुखते."

सुगरायने एक बोट दुमडलं.

"शिस्टरबाई... पानी गेला."

दुसरं बोट.

"शिस्टरबाई... लेकरू हल... हल..."

तिसरं बोट तसंच उभं राहिलं. तिने मान झटकली. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पोट दुखते. पानी गेला. लेकरू हल...

पुन्हा तिथेच अडली.

तिसऱ्या खेपेला तिने कपाळावर हात मारून घेतला. मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं.

हर्षला भिंतीला धरून मागे सरकली आणि मातीतच खाली बसली.

"कधीपासून?" तिने कुजबुजत विचारलं.

"दिवाळीपासून. तुहे वार मंगळवार अन् शुक्रवार. तिचे बुधवार अन् गुरुवार." मुंगायही तिच्याशेजारी टेकली. "तू आज वार सोडून आली."

"पण कशासाठी...?"

विचारलं, आणि तिचं तिलाच कळलं. तिने ओठ चावला.

"त्या बाईनं सांगतलं अन् सिस्टरले समजलं नाई, हे साऱ्या गावाले मालूम हाय," मुंगाय म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "मंग सुगराय आली माह्याकडं. म्हने, सिस्टरबाईले आपली बोली जड जाते. आपनच तिची शिकू. माह्या लेकराचं मले सांगता आलं पाह्यजे."

हर्षलाला ओरडून रडावंसं वाटत होतं, पण भिंतीपलीकडे सुगराय होती. तिने पदर तोंडात कोंबला.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "किती वाक्यं येतात तिला?"

"तीन. त्यातलं तिसरं अर्धं."

"चार महिन्यांत?"

"तिच्याजवळ वही नाई ना," मुंगाय म्हणाली.

पलीकडे पुन्हा सुरू झालं होतं. शिस्टरबाई, पोट दुखते.

"आज भांडली माह्याशी," मुंगाय सांगू लागली. "म्हने सोडते. माह्यानं व्हत नाई. म्हने सिस्टरबाई इतली शिकलेली, लाल रेघ मारून लिवते. आपून चुकलो त हासन ते आपल्याले."

"मी? मी हसेन तिला?"

मुंगाय तिच्याकडे पाहत राहिली.

"तुले नाई वाटत का, आमी हासतो?"

पलीकडे सुगराय तिसऱ्या वाक्याशी पोचली होती. हल... हल... आणि मग नुसता श्वास. या बाईचा आठवडाच उरला होता. तेवढ्या वेळात ते अर्धं वाक्य पुरं झालं नाही तर काय होईल, हे त्या परसातल्या तिघींना नीट माहीत होतं.

हर्षलाने डोळे पुसले. उठली. केस मागे सारले. पर्स भिंतीशीच राहिली, तिच्या लक्षात आलं नाही. सुगरायकडे जायला तिने पाऊल उचललं...

आणि थांबली.

तिचे ओठ हलू लागले. आवाज न करता. एकदा. पुन्हा. तिसऱ्यांदा, जरा बदलून.

"काय करते?" मुंगायने विचारलं.

"वाक्य जुळवते, माय. घाबरू नको, मी आहे, एवढंच म्हणायचंय. पण नीट यायला हवं. आज तरी चुकायला नको."

मुंगाय कशीबशी उठली. तिने आपला थरथरता हात हर्षलाच्या तोंडावर ठेवला. ओठ हलायचे थांबेपर्यंत तो तिथेच ठेवला.

पलीकडून सुगरायने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मुंगायने हात काढला आणि हर्षलाला पाठीवर हलकेच पुढे ढकललं.

"जाय," ती म्हणाली. "पन नीट बोलू नको."