रिकामी परत आलेली वाटी

रेवती, नंदू, आधी पांघरुणं घ्या. आणि ओट्यावरच्या लोंढेकाकूंच्या वाटीकडे बघून तोंडं वाकडी करू नका. सोमवारपासून पडली आहे ती. नेऊन द्यायला म्हणे लाज वाटते. लाज कसली, मिजास आहे ती. ऐका आता.

एक होता राजा. त्याच्याकडे सगळं होतं आणि तिथेच सगळा घोळ झाला. गोठे भरलेले, कोठारं भरलेली. राणी देवाघरी गेलेली, पण तुंगा नावाची सात वर्षांची लेक होती. राजाचा तिच्यावर भारी जीव. त्याच्या खालोखाल जीव कुणावर, तर स्वतःवर. राजवाड्याच्या दारावर त्याने एक सागवानी फळी ठोकली होती. तिच्यावर कोरलं होतं, 'इथे कुणाचं काही लागत नाही.' येणाऱ्याजाणाऱ्याकडून तो ती मोठ्याने वाचून घ्यायचा. ज्याला वाचता येत नसे त्याला स्वतः वाचून दाखवायचा, बरं का. इतकी हौस.

एकदा काय झालं, मुदपाकखान्यात काशी नावाची नवी स्वयंपाकीण आली. कामाला वाघ, पण घाई फार. तिने दह्याचं मडकं राखेने घासून लख्ख केलं. तळाचं दहीसुद्धा धुऊन टाकलं. आता दुधाला दही लावायचं तर विरजण हवं, आणि विरजण म्हणजे कालचं दही. कालचं गेलं मोरीत. मग उद्याचं येणार कुठून?

काशी घाबरली. मागच्या दाराने गेली चिमा गवळणीकडे. चिमा म्हातारी होती, तोंडाने फटकळ, हाताने सढळ. तिने काशाच्या वाटीत विरजण दिलं नि म्हणाली, "वाटी सवडीने दे. पण रिकामी देऊ नकोस."

का म्हणजे? शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नसते. चार दाणे घालावेत, गुळाचा खडा घालावा. माझ्या आजीने मला सांगितलं, मी तुम्हाला सांगते.

मग दही छान लागलं. पण राजाला ताटाशेजारी ती परकी वाटी दिसली.

"ही कुणाची?"

"चिमा गवळणीची, महाराज. विरजण आणलं होतं."

राजाचं डोकं फिरलं. त्याच्या घरात दुसऱ्याचं विरजण? त्याने दही गटारात ओतायला लावलं. वाटी घासायला लावली, पुसायला लावली. काशी गुळाचा खडा घालत होती, तो त्याने काढून फेकला. म्हणाला, "आम्ही कुणाचं घेत नाही नि कुणाला देत नाही." आणि वाटी गेली रिकामी.

चिमाने वाटीत बघितलं. खुंटीजवळच्या फळीवर वाटी पालथी घातली.

आणि दुसऱ्या दिवसापासून राजवाड्यात दही लागेना. दूध आपलं दूधच. राजाने मडकं बदललं, गाय बदलली, काशीलाही बदलणार होता, पण ती रडली म्हणून राहू दिलं. गावातून दही आणवलं, तर दाराच्या त्या फळीखाली आलं की त्याचं परत दूध व्हायचं. दुधाचं दही होतं, हे ठाऊक आहे. दह्याचं दूध कधी कुणी ऐकलंय? राजा मडक्यात डोकं घालून बघत बसायचा. त्याला काही उमजेना.

त्यातच तुंगाचं पोट बिघडलं. पाणीसुद्धा पोटात ठरेना. पोर तीन दिवसांत काडीसारखी झाली. वैद्यबुवा म्हणाले, "महाराज, ताक पाजा. ताजं, घरच्या दह्याचं. दुसरं औषध नाही माझ्याकडे."

तुंगाही झोपेत ताकच मागत होती. आणि राजवाड्यात वाटीभर ताक नव्हतं. मोती होते पसाभर.

मग राजा गेला चिमाच्या गोठ्यात. ती धार काढत होती. उठलीसुद्धा नाही.

"वाटी रिकामी आली, महाराज," ती म्हणाली. "आधी ती भरा. मग विरजण नेऊन बघा."

एवढंच ना, असं राजाला वाटलं. त्याने वाटीत मोती ओतले. वाटी रिकामी. मोहरा ओतल्या. वाटी रिकामी. मग डोक्यावरचा शिरपेच काढून ठेवला, तोही गेला. कुठे गेला, देव जाणे. राजाने वाटी उलटी करून पाहिली, हलवून पाहिली, कानाला लावून पाहिली. पाणी घालून पाहिलं, तर एक थेंब गळेना. पण ओतायला गेला तर पाणीही नाही. त्याचं डोकं पार गरगरलं.

"अगं, मी घालू तरी काय?"

"मला काय विचारता? तुमचं सगळं घालून झालं ना?"

"झालं."

"मग तुमचं नसलेलं काहीतरी घाला," चिमा म्हणाली आणि पुन्हा धार काढायला लागली.

आता हे कोडंच की नाही? आपलं नाही ते आणायचं कसं? शिपाई पाठवून आणलं तर ते आपलंच झालं. विकत घेतलं तरी आपलंच. राजा वाटी हातात धरून रस्त्यात उभा राहिला. इकडे तुंगाने डोळे उघडणं सोडलं होतं. काशी धावत सांगायला आली नि सांगता सांगता रडायला लागली.

मग राजा पहिल्या दारापाशी गेला. तोंडातून शब्द फुटेना, तसाच परतला. दुसऱ्या दारी ओरडला, "या वाटीत काहीतरी घाल!" घरातली बाई घाबरली, तिने मूठभर तांदूळ घातले. तेही गेले. हुकमाने आलेलं म्हणजे त्याचंच ना.

तिसरं दार होतं एका भडभुंज्याचं. म्हातारा भट्टीशी चणे भाजत होता. राजाला मागायची रीतच ठाऊक नाही, कधी मागितलंच नव्हतं. वाटी पुढे केली, मागे घेतली. मग मान खाली घातली नि म्हणाला, "बाबा, माझ्याकडे या वाटीत घालण्यासारखं काही नाही. माझी लेक फार आजारी आहे. तुम्ही द्याल का काही?"

म्हाताऱ्याने राजाकडे पाहिलं, फळीचं काही काढलं नाही. नुसते मूठभर गरम फुटाणे वाटीत टाकले.

आणि फुटाणे राहिले.

राजाने एक एक चाचपून पाहिला. राहिले होते. मोत्यांनी न भरलेली वाटी फुटाण्यांनी कशी भरली, हे त्याला काही केल्या कळेना. पण कळायला थांबला कोण? तो धावत सुटला. वाटेत दोन सांडले, ते वाकून उचलले. राजा असून, बरं का.

चिमाने दोन फुटाणे तोंडात टाकले, बाकीचे पदरात घेतले. त्याच वाटीत विरजण दिलं नि म्हणाली, "पुन्हा रिकामी देऊ नका."

फळीखालून जाताना राजाने डोळे गच्च मिटले. उघडून बघितलं, तर दही होतं तसंच होतं. काशीने दुधाला विरजण लावलं. राजा मडक्यापाशी बसून राहिला. सकाळी दही घट्ट लागलं होतं. काशीने ताक घुसळलं, राजाने स्वतः चमच्याने पाजलं. पहिला चमचा पोटात राहिला. दुसरा राहिला. तिसऱ्याला तुंगाने डोळे उघडले नि म्हणाली, "बाबा, मीठ घाला की."

राजा तिथेच रडला. मग उठला नि दारावरची फळी उचकटून आणली. तिची झाकणी केली, दह्याच्या मडक्यावर ठेवायला. त्यानंतर गावातलं कुणीही विरजणाला आलं की आधी ती झाकणी उचलावी लागायची. वाचणाऱ्याला हसू यायचं, राजालाही यायचं.

शिरपेच कुठे गेला? ते काही त्याला शेवटपर्यंत कळलं नाही. मलाही नाही कळलं. गेला म्हणजे गेला. पण तुंगा बरी झाली, काशी टिकली, आणि सगळी ताकभात खाऊन सुखाने राहिली.

झोपा आता. आणि हो, लोंढेकाकूंच्या वाटीत मी दोन लाडू घालून ठेवलेत. सकाळी तुम्ही दोघं नेऊन द्याल तेव्हा दोनच असले पाहिजेत. रेवती, हसू नको. डोळे मीट.